डावीकडचं शून्य

पहाटे तीनला डेपोतून गाडी निघते.
पुढे पोलादी पातं, मागे वाळूचा हौदा.
इवालो ते कामानेन, जाऊन-येऊन,
मी बर्फ नांगरतो. पेरत काहीच नाही.
केबिनमध्ये हीटर, थर्मास
आणि कुणीतरी वाचून दाखवत असलेलं पुस्तक.

तीस हिवाळे असेच.
आधी कॅसेट, मग सीडी,
मग रायलीने सगळं कॉम्प्युटरवर घेतलं
आणि काडेपेटीएवढ्या डबीत भरून
माझ्या कोटाच्या खिशात घातलं.

सुरुवातीला घोळ झाला.
एक संपलं की दहा लागायचं,
मग अकरा, बारा, पार एकोणीस,
आणि तेव्हा कुठे दोन.
खुनी गजाआड जायचा, आणि पुढच्याच भागात
मेलेला माणूस न्याहारीला बसलेला,
पावाला लोणी कमी म्हणून कुरकुरणारा.
मला वाटलं, लेखकाची ढबच ती.
आख्खा एक हिवाळा मी तसाच ऐकला.
सांगितलं तेव्हा रायली
खुर्चीवरून पडायचीच बाकी होती.

मग ती बसली.
प्रत्येक फाईलच्या आकड्याआधी एक शून्य.
शाळेत शिकवलं होतं,
डावीकडच्या शून्याला किंमत नसते.
तिने सातशे बारा शून्यं लावली
आणि मेलेली माणसं मेलेली राहिली.

त्यानंतर तिला चटकच लागली. नावांपुढे शेरे:
'०३ – कंटाळवाणं. गाव येईपर्यंत सोस.'
'०७ – वाचणाऱ्याला सर्दी झालीय.'
'११ – इथे रडशील. वळणावर ऐकू नकोस.'
'२२ – शेवट पटला नाही. घरी आलास की बोलू.'

बोललो. दोन संध्याकाळी बोललो,
बटाटे सोलता सोलता.
तिचंच खरं होतं.

आता वेन्ला औलूहून आलीय.
फोनवर बोट सरकवत तीन सेवा दाखवते.
पहिलीत महिन्याचे पैसे भरा, हवं तेवढं ऐका,
भरणं थांबलं की फळी रिकामी.
दुसरीत महिन्याला एक पुस्तक, कायमचं तुमचं
(कायमचं म्हणजे कंपनी आहे तोवर,
हे तिने बारीक अक्षरांत शोधलं, पोरगी हुशार आहे).
तिसरी लायब्ररीची. फुकट,
पण चौदाव्या दिवशी वाक्य अर्धं असलं तरी दार बंद.

मी विचारलं, जंगलात रेंज जाते तिथे?
"आधी उतरवून ठेवायचं, बाबा."
मी विचारलं, नावं बदलता येतात?
तिने वर पाहिलं. "नावं कशाला बदलायची?"

जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात घरघरत होता.
तो पुसून टाकू, म्हणाली,
तीच पुस्तकं तिथे मिळतात,
स्वच्छ आवाजात, सर्दी नसलेली.

मी कॉफी टाकायला उठलो.
कॉफी झाली, तरी ओट्याशीच उभा राहिलो.
परत आलो तर ती स्क्रीनपुढे बसलेली,
यादी वरून खाली, खालून वर.
अकरापाशी थांबली.
काही बोलली नाही. कॉम्प्युटर पुसलाही नाही.

रात्री तिने सगळ्याच्या दोन नकला केल्या.
एक डबीत,
एक पिठाच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून,
कारण रायली मोलाच्या वस्तू तिथेच ठेवायची.
सेवा मी दुसरी घेतली. आवाज खरंच स्वच्छ आहे,
खोटं कशाला बोलू.
पण ती पुस्तकं काचेच्या कपाटातली,
बघायची, हात लावायचा नाही.

म्हणून जाताना वेन्लाने
तांपेरेचं एक लहानसं दुकान शोधून दिलं.
ते साध्या फाईली विकतात:
पैसे द्या, न्या, हवं ते नाव ठेवा.

काल तिथून पहिलं पुस्तक आणलं.
एक, दहा, अकरा, बारा.
चष्मा लावला, एका बोटाने शून्य दाबलं.
मग पुढची अक्षरं, एकेक शोधत,
दोनदा चुकून, खोडून:

'०१ – बाई फार घाईत वाचते. तुला आवडली नसती.'

दिवा मालवला.
तीनला निघायचं होतं.