पाहुण्याचे कान

कुडचड्याच्या दवाखान्यातला संगणक मेअखेर गेला.
आधी निळा, मग काळा, मग नुसता पंखा.
नवा आला चौथ्या दिवशी.
पण कान तपासायचा आमचा डबा,
करडा, पाठीमागे एकच वायर असलेला,
जुन्याचीच भाषा बोलतो,
आणि ती शिकवणारी कंपनी केव्हाच बंद पडलीय.

नीतेश म्हणाला, नव्याच्या पोटात जुना बसवू.
खरा नव्हे, पण त्याला ते कळणार नाही.
नवा तो यजमान, पोटातला तो पाहुणा,
असंच म्हणतात त्यांच्यात.
मी म्हटलं, पाहुण्याला काय काय द्यावं लागतं?
तो म्हणाला, जागा देतात सगळेच.
कान आणि हात कोण देतं, ते बघावं लागेल.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं.
पाहुणा उठला, हिरव्या टेकडीचं ते जुनं चित्र लावलं,
घड्याळ सात वर्षं मागे दाखवलं.
डबा जोडला
तर म्हणे, काही जोडलेलंच नाही.
वायर काढून परत लावली. नाही.
सांगे-सावर्ड्याकडून येणाऱ्या ट्रकांनी काचा थरथरत होत्या
आणि हा आपला टेकडी दाखवत बसलेला.

दुसऱ्याने डबा ओळखला. दिवा लागला.
आम्ही पेढे आणायचेच बाकी होते.
बोस्त्यांव खोलीत बसले, हेडफोन लावून, हातात बटण.
एकतीस वर्षं बार्जच्या इंजिनघरात,
जुवारीवर, खाली, जिथे भिंतसुद्धा ओरडते.
हजार हर्ट्झ. दाबलं.
पाचशे. दाबलं.
चार हजार, अगदी हळू, दाबलं!
आलेख कागदावर सरळ,
सोळा वर्षांच्या पोरीचा असावा तसा.
मला क्षणभर आनंद झाला त्यांच्यासाठी,
खोटं कशाला बोलू.
मग नीतेशने तेच हेडफोन स्वतःच्या कानाला लावले
आणि माझ्याकडे बघून मान हलवली.
आत काहीच नव्हतं.
एकही सूर गेला नव्हता.

मी पाटीवर लिहून विचारलं, मग दाबलंत कसं?
ते हसले.
"तुजो खांदो हालता, बाय. बटण दामतना."

इंजिनघरात कोण कोणाला ऐकतं?
तांडेलाचा हात, खलाशाचा जबडा,
शिडीवरच्या पायांची घाई,
तेवढ्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती.
माझा खांदा म्हणजे काय.

तिसरं विकतचं.
आवाज आला, पण तापल्या तेलात सुंगटं पडावीत तसा तडतडत.
नीतेशने आकडा वाढवला, तडतड गेली,
सूर उशिरा यायला लागला.
उशिरा आलेला सूर आमच्याकडे चालत नाही,
माणूस दाबतो एकाला, लिहिलं जातं दुसऱ्याच्या नावावर.
आकडा कमी केला, पुन्हा सुंगटं.
रात्री साडेनऊला एक चौकोन सापडला,
तळाशी, बारीक अक्षरात:
डबा थेट पाहुण्याकडे. यजमानाने हात लावायचा नाही.
खूण केली.
मापक धरला हेडफोनपाशी.
साठ मागितले, साठ आले.
तीस मागितले, तीस.
मग मी स्वतः आत जाऊन बसले, दार लावून,
आणि नीतेशला सांगितलं, पाठ कर माझ्याकडे.

डॉक्टर केंकऱ्यांनी वर्षाची फी भरली, कुरकुरत.
फुकटचं होतं ना एक, म्हणाले.
होतं, म्हटलं. मुकं होतं.

गुरुवारी बोस्त्यांव परत आले, धुतलेला शर्ट घालून.
मी खुर्ची भिंतीकडे फिरवली.
पाचशे, दाबलं. हजार, थोडं थांबून.
दोन हजाराला मला वाढवत जावं लागलं.
चार हजारावर मी वाढवला,
परत वाढवला,
मापक असता तर सत्तर म्हणाला असता.
पडद्यावर, आलेखाच्या रिकाम्या चौकटींवर,
त्यांचा चेहरा उमटला होता मागच्या काचेतून.
अंगठा बटणावर तयार.
ते माझ्या पाठीवर
खांदा शोधत होते.