एकाच मंगळवारी

तौफिक म्हणाला, काका, फायली आल्या, फोटो आले,
ब्राउझरची हिस्ट्री पण पायजे काय?
म्हटलं, ती कशाला.
मग म्हटलं, असू दे, आण.
जुना डबा टेबलाखाली धापा टाकत होता.
पुरात हाच डबा मी डोक्यावर घेऊन
जिन्यानं वर नेला होता, घरातला टीव्ही सोडून.

उद्यमनगरात माझं लाकडी पॅटर्नचं दुकान.
देवदार तासून पंपाची बॉडी करतो, व्हॉल्व्हची टोपी करतो.
फौंड्रीवाले ती वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात
आणि राहिलेल्या पोकळीत बीड ओततात.
माझं लाकूड कुठंच पोचत नाही.

आठ वर्षं एका वायरीतनं जायला अकरा मिनिटं लागली.
तौफिक चहाला गेला. मी उघडून बघितलं.
सगळं आलं होतं,
फक्त तारखा आल्या नव्हत्या.
प्रत्येक ओळीपुढं आजचाच मंगळवार, दुपारी चार सतरा.

राजाराम बंधारा पाणी पातळी
राजाराम बंधारा पाणी पातळी
राजाराम बंधारा पाणी पातळी आत्ता
गुडघ्याला सूज घरगुती उपाय
देवदार दर घनफूट
विमा कंपनी तक्रार कुठे करावी
बीड आकुंचन किती टक्के
(हे तर मला झोपेत पाठ. का विचारलं असेल?)
राजाराम बंधारा
भागीदारी मोडणे कागद नमुना
माफीचे मेसेज मराठी
माफीचे मेसेज मराठी साधे

म्हणजे एकाच मंगळवारी पंचगंगा त्रेचाळीस फुटांवर गेली,
दुकानात शिरली, उतरली, पुन्हा चढली.
चार सतराला मी दिलावरशी भांडलो
आणि चार सतरालाच मला झोप लागेना.
खरं तर मध्ये दोन पावसाळे होते.
ते कुठल्या वायरीत अडकले कोण जाणे.

तौफिक आला. बघून जीभ चावली.
तारखांचा लोचा झाला काका, परत आणू?
राहू दे, म्हटलं. पैसे किती झाले ते सांग.

बीड थंड होताना आखडतं,
फुटामागं अष्टमांश इंच, जवळपास.
म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा.
त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून जरा लांब.
नवं पोरगं हमखास फसतं.
दिलावर माझ्याकडं आला तेव्हा दोनदा फसला,
तिसऱ्यांदा त्यानं पट्टीच्या पाठीवर
खिळ्यानं द कोरला, म्हणाला, आता ही माझी.
जाताना मात्र ती बाकावर ठेवून गेला.
विम्याचे पैसे निम्मे तुझे नाहीत, असं मी म्हणालो होतो.
तेवढंच म्हणालो होतो.
त्याला ते केवढं ऐकू गेलं असेल,
हे मोजायला माझ्याकडं काही नाही.

संध्याकाळी शेजारची लेथ थांबली.
नव्या स्क्रीनवर धूळसुद्धा नाही अजून.
देवदारचा भाव बघावा म्हणून द दाबला,
तर खाली लगेच उमटलं,
दिलावर शिकलगार पॅटर्न वर्क्स शिरोली.
पत्ता, फोन, बंद होण्याची वेळ सात.
काल विकत घेतलेलं यंत्र,
माझं नाव अजून त्याला धड लिहिता येत नाही
आणि एका अक्षरावर हे.
किती वेळा शोधलं असेन मी?
बघता आलं असतं. बघितलं नाही.

पुढचं अक्षर टाइप केलं. ते नाव गेलं,
देवदार आला, भाव वाढलाय.
मागं खोडत खोडत परत द पर्यंत आलो.

सहा वीस.
शिरोली काही लांब नाही, पुलावर तेवढी गर्दी असते.
पट्टी ड्रॉवरमध्येच होती, बिलबुकाखाली.
शर्टाच्या खिशात मावत नाही ती,
निम्मी बाहेर राहते.