गाळलेल्या जागा

शीतखोलीची किल्ली उद्यापासून निहारिका ससाणेकडे.
आज मी एकटीच आत, अंगात दोन स्वेटर,
बाहेर वर्सोव्यात छत्तीस डिग्री.
कंप्रेसर दमेकऱ्यासारखा थांबून थांबून धापा टाकतो.
फळ्यांवर आडवे निजलेले नळे,
टोकाला माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या:
शिवडी ३, ऐरोली १, माहुल ७,
आणि अगदी खाली, दोन हजार मीटरवरून आणलेला तो एक
ज्याच्यापायी मी जहाजावर अकरा दिवस ओकत होते.

नळा उभा चिरायचा, ही पहिली शिकवण.
एक अर्धा कामाचा, एक अर्धा राखीव.
कामाचा अर्धा सेंटिमीटर-सेंटिमीटरने कापायचा,
वाळवायचा, कुटायचा, आम्लात विरघळवायचा.
आकडा हाती येतो तेव्हा गाळ संपलेला असतो.
राखीवला हात लावायचा नाही.

आई विचारायची, तू नेमकं करतेस तरी काय?
चिखलाचं वय काढते.
आधी स्वतःचं बघ, म्हणायची,
तिसावं लागलं.

चिखलाचं वय शिशावरून निघतं.
एका जातीचं शिसं आभाळातून पडत राहतं गुपचूप,
बावीस वर्षांत निम्मं उरतं,
पुढल्या बावीसात निम्म्याचं निम्मं.
याला पुस्तकात अर्धायुष्य म्हणतात.
माझी नोकरी एक अर्धायुष्य, वर अकरा वर्षं.

दुसरं शिसं पेट्रोलचं, शहराचं स्वतःचं.
शिवडी ३ मध्ये वरून बारा सेंटिमीटरवर ते एकदम उतरतं.
पंपावरचं पेट्रोल बदललं होतं ना, त्याची खूण.
ती रेघ पहिल्यांदा दिसली त्या रात्री
मी डबा न उघडताच घरी गेले होते.

माहुल ७ वर तीन वर्षं गेली.
खाली जावं तसं शिसं घटायला हवं,
ते वरपासून तळापर्यंत सारखंच.
मी निष्कर्ष काढला: इथे गाळ भलत्या वेगाने साचतो.
पेपर छापून आला. गोव्याच्या परिषदेत
कुणीतरी उभं राहून अभिनंदनसुद्धा केलं.

पुढल्या हिवाळ्यात त्याच जागी, ओहोटीला,
हाशा तांडेल वल्ह्यावर रेलून म्हणाला,
यो गाळ हितला नाय, बाय.
बंदराचा ड्रेजर यायचा, रातचा वतून जायाचा.
माझा बापूस शिव्या घालायचा त्याला.
मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?
तू इचारलंस कुटं, म्हणाला,
तू तर नळीत बघत व्हतीस.

दुरुस्तीचं पत्र दीड पानाचं.
माझ्या नावावरचं सगळ्यात कमी वाचलं गेलेलं,
आणि आज एकही शब्द बदलावासा न वाटणारं
तेवढं एकच.

शाळेत प्रश्न असायचा, गाळलेल्या जागा भरा. पाच गुण.
पाचही मिळायचे मला.
मग तेहतीस वर्षं त्रेसष्ट मायक्रॉनच्या चाळणीखाली
नळ सोडून बसले,
आणि वहीत कितीदा लिहिलं:
एक्केचाळीस ते अठ्ठावन्न, नमुना हाती लागला नाही.
ती ओळ लिहायला हात शिकायला
पहिली दहा वर्षं गेली.

निहारिकाने कालच यादी केली, काय ठेवायचं, काय काढायचं.
फळ्या कमी पडतात, तिचं बरोबर आहे.
माहुल ७, राखीव अर्धा, पुढे तिने लाल फुली मारली आहे.
मी झाकण उघडलं.
कुजक्या अंड्याचा तोच वास, मंद,
कडांना गंजाची तांबूस झाक, मध्ये अजून काळं, ओलं.
कुणाच्या तरी बंदरातून उपसलेलं, रात्री ओतलेलं,
इथलं नसलेलं
आणि आता दुसरीकडे कुठलंच नसलेलं.

फुली खोडली.
चिठ्ठीवर अक्षांश, रेखांश, खोली, तारीख एवढंच लिहितात,
माणसाचं नाव लिहायची पद्धत नाही.
मी लिहायला घेतलं: सांगणारा, हाशा तांडेल, तुर्भे कोळीवाडा.
थंडीने पेनातली शाई गोठली,
'हाशा'वरच अडली.
पेन मुठीत धरून ऊब दिली थोडा वेळ,
आणि पुढचं लिहिलं.