स्लीप तीस

रात्री दोन दहाला लाइन गेली,
चारला आली,
आणि चार वीसला रहांगडालेचा फोन:
“मॅडम, काटा वजन दाखवून राह्यला,
पण बोर्डावर काहीच येऊन नाही राह्यलं.”

कळमना. मिरचीचा हंगाम.
सर्व्हरची खोली म्हणजे लिलावाच्या ओट्यामागची
दहा बाय आठ. कूलर, एक खुर्ची,
पंख्याच्या पात्यांवर लाल भुकटी.
इथे मशीन उघडलं की आधी शिंक येते, मग एरर.

मी ते पुन्हा सुरू करते.
बिघाड सुरुवातीपासून पाहिल्याशिवाय
त्याला नाव ठेवू नये.

आधी उठतो लूपबॅक.
मशीन स्वतःलाच हाक मारतं, स्वतःच ओ देतं.
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
वायर लागत नाही, दुसरं कुणी जागं लागत नाही,
या पत्त्यावर जो तो घरीच असतो.

मग पहिलं कार्ड. वर आलं.
आता पत्ता मागणं:
कुणी आहे का तिकडे, मला एक आकडा द्या,
बाहेर जायचं दार कोणतं ते सांगा.
एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.
अयशस्वी.
आणि मशीन पुढे निघून जातं,
घड्याळ लावतं, प्रिंटर जागा करतं,
लॉगिनपाशी ठिपका लुकलुकवत बसतं
जणू घरात काही घडलंच नाही.

वायर काढली, फुंकली, लावली. शिंकले.
हिरवा दिवा तर जळतोय.
हातानं इंटरफेस खाली घेतला, वर आणला:
पत्ता लगेच.
म्हणजे सगळं ठीक आहे.
फक्त तेव्हा नव्हतं.

मग आठवलं.
मागच्या गुरुवारी मी स्क्रिप्ट साफ केली होती,
गजभिये सरांची, अकरा वर्षं जुनी.
तिच्यात एक ओळ होती: स्लीप तीस.
तीस सेकंद काही करू नको.
वर हॅशच्या आड शेरा, अक्षरं इंग्रजी, बोली आपली:
“घाई नको करू बे. स्विच म्हातारा आहे,
उठाले टाइम लागते.”

हसले होते मी. रहांगडालेसमोर म्हणाले होते,
आळशी माणसाचा जुगाड.
नवी डिस्क बसवली होती,
मशीन अठरा सेकंदांत उभं राहत होतं,
आणि त्या अठराचा मला माज होता.
ओळ उडवली. शेराही.

स्विच वरच्या फळीवर, तिरपा.
वायरीत जीव आला की तो आधी
आपल्या सगळ्या वाटा तपासतो,
कुठे गोल चक्कर तर पडत नाही ना.
तोवर पोर्टाचा दिवा पिवळा,
तोवर कुणाचा शब्द पुढे सोडत नाही.
मोबाइलवर मोजलं.
एकोणतीस सेकंद.

म्हणजे सरांनीही मोजले असणार,
याच खुर्चीत, नाकाला दुपट्टा बांधून.
आणि तराजू बरोबर आल्यावर आडत्यानं
मूठभर वर टाकावं
तसा एक सेकंद वरून दिला.

फोन करावासा वाटला. भंडाऱ्याला असतात, मुलीकडे.
पावणेपाचला कुणाला उठवायचं.

ओळ परत लिहिली.
शेरा आठवून लिहिला,
“बे” ठेवू की नको यावर जरा अडले.
ठेवला.
रीस्टार्ट.

बाहेर काट्यावर ट्रक, मागे आणखी चार,
कुणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच बसलेलं.
रहांगडाले दारात, हातात दोन कप,
पडद्याकडे पाहतो. अक्षरं हलत नाहीत.
“हँग झालं का, मॅडम?”

“नाही. थांबलंय.”

पिवळा.
त्यानं कप ठेवला. अजून पिवळा.
मी सत्तावीसपर्यंत आले होते
आणि शिंक आली,
मोजणं चुकलं.