कोनशिला

पहिली कोरली फेरीधक्क्याच्या शेडसाठी.
‘नरसो म्हांबरे, पंच.’ अक्षरं बोटभर.
त्या दिवशी माझ्याच बशीतली भजी खाल्ली त्याने.

मग पूल, डिचोलीचा बसस्टँड, मासळी मार्केट.
नावाआधी ‘मा.’ आलं, अक्षरं वीतभर झाली.
‘नरसोबाब, दगड पुरत नाही,’ म्हटलं,
तर म्हणाला, ‘मोठा आण. खाणी आपल्याच.’

चवथीच्या आदल्या रात्री पणजीहून गाडी आली.
टीव्हीवर तो रुमालाने तोंड झाकत होता.
सकाळी पंचायतीचा फोन:
‘नाव तेवढं काढ.’

काढलं.
कोरलेलं काढायचं तर
कोरलं त्याहून खोल जावं लागतं.
‘यांच्या शुभहस्ते’ राहिलं, वर खळगा.

तीन दगडांचे पैसे यायचेत.
वहीत अजून आहे त्याचं नाव,
ते खोडायला कुणी फोन करत नाही.