चार डिग्री

हेझलबाईंचा फोन आला तेव्हा मी वाईत
एका डेअरीच्या कॉम्प्रेसरखाली आडवा होतो.
"फ्रिज चार डिग्रीवर थांबत नाही, लवकर या."
मला वाटलं, इन्शुलिन असेल.
म्हातारी माणसं, पाचगणीची थंडी.

पसरणीचा घाट चढून गेलो, फ्रिज उघडला,
तर खालच्या कप्प्यात, काचेच्या भांड्यात
मिठात निजलेलं मांस
आणि वर तारखेची चिठ्ठी,
दवाखान्यात पाळण्याला लावतात तशी.

बाई ओशाळल्या. तुम्हाला चालतं ना, हे असं?
म्हणालो, मला थर्मोस्टॅटशी मतलब.

मग चहा. मग साहेबांचं गाऱ्हाणं:
चौतीस वर्षं झाली, सगळं जमलं,
मराठी जमली, भाकरी जमली, माकडांशीही जमलं,
रविवारची सकाळ तेवढी जमली नाही.
पुण्याहून बेकनचं पाकीट आणावं तर ते तव्यावर
पाणी सोडून रडतं, आणि आक्रसून
बुटाच्या नाडीएवढं होतं.
"ते पोटाचं. आम्हाला पाठीचं हवं."
विजेच्या बिलामागे त्यांनी डुक्कर काढलं,
जन्मभर गणित शिकवलेला हात, रेघ सरळ.
कण्यालगतचा गोल तुकडा, त्याला पोटाची शेपटी,
कडेनं बोटभर चरबी.
"असं कापून देणारं जवळपास कुणी आहे?"

मी बिलाकडे बघत राहिलो.
त्या तुकड्याला आमच्यात नाव आहे.
माझ्या बापानं, येल्लाप्पानं,
तो कधी गिऱ्हाइकाला दिला नाही.
घरी आणायचा, सागाच्या पानात,
आणि आई दाराला कडी घालायची.

वीस वर्षं माझ्या पाटीवर
'रेफ्रिजरेशन' आहे, आडनाव नाही.
लोकांच्या स्वयंपाकघरात मी
पाणीसुद्धा मागत नाही.

"बघतो," म्हणालो.

चुलतभाऊ दुर्गाप्पाला चित्र दाखवलं.
तो हसला. म्हणाला, साहेबाला एवढी अक्कल?

पहिल्या खेपेला नुसता खारट दगड.
दुसऱ्या खेपेला अकरा तास लाईट गेली,
कडा हिरवी पडली, बाईंनी पुरून टाकलं
गुलाबाच्या वाफ्यात, आणि कुत्र्यांनी उकरलं.
तिसऱ्या वेळी कराडचा गूळ, ठेचलेली मिरी,
लीड्सच्या बहिणीनं टपालानं पाठवलेलं गुलाबी मीठ
(अर्धं पाकिटातच सांडलेलं).
मी रोज संध्याकाळी घाट चढून
काटा बघायचो: चार. साडेतीन. चार.
कुणी विचारलं तर, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे.
शाळेनं भंगारात काढलेल्या लोखंडी कपाटात,
ज्यात साहेब परीक्षेचे पेपर ठेवायचे,
जांभळाच्या लाकडाचा धूर कोंडला
दीड दिवस.

रविवारी तवा तापला.
चरबी कडेनं काचेसारखी झाली, पाणी नाही सुटलं.
साहेबांनी एक घास घेतला, काटा खाली ठेवला,
खिडकीबाहेर धोमच्या पाण्याकडे बराच वेळ बघितलं.
मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन उभा,
जसा निकाल लावायला आलेला पोरगा.

"जवळपास," म्हणाले.

हा शाबासकीचा शब्द होता की दुःखाचा,
त्यांचं मराठी चांगलं आहे, तरी मला कळलं नाही.
बाईंनी माझ्यासमोर ताट ठेवलं.
मी त्या घरात पहिल्यांदा पाणी मागितलं.

उरलेला तुकडा कागदात गुंडाळून
स्कूटरच्या डिकीत, गॅसच्या नळकांड्याखाली.
आईला आता नीट दिसत नाही.
तिनं हुंगलं, मग चावलं, दात नसलेल्या बाजूनं.
"मीठ जास्ती झालंय," म्हणाली.
"आणि गूळ कशाला घातला?"
थोड्या वेळानं:
"दार उघडं आहे का रं?"

उघडं होतं.

बिल केलं ते असं:
थर्मोस्टॅट बदलला, दोनशे साठ.
गॅस्केट, नव्वद.
येणं-जाणं,
इथं पेन थोडा वेळ थांबला,
मग रेघ मारली.