पंखा बंद

आमच्याकडे रेकॉर्डिंग म्हणजे आधी पंखा बंद,
मग फ्रिज, मग तबिथा आत्याच्या बांगड्या.
मे महिना. जेलरोडची मागची खोली.
भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकीत रजई,
माइकपुढे भरतकामाच्या रिंगवर ताणलेला
माझा शाळेतला मोजा.
शलमोन हात वर करतो, सगळे श्वास धरतात,
आणि लांब देवळालीला तोफ उडते.
“पुन्हा,” तो म्हणतो. “हा ढोल आपला नाही.”

पपांनी चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
कोऱ्या, लोकांच्या.
निवृत्तीनंतर आलेल्या आपल्या मात्र
न मोजताच शलमोनच्या हातावर ठेवल्या: आण तुझा माइक.
आई काही बोलली नाही.
आठवडाभर नुसतं वरण करत राहिली.

नऊ गाणी.
सात पपांची, रविवारी मंडळीत म्हणून म्हणून
चर्चच्या बाकांसारखी गुळगुळीत झालेली.
आठवं आईचं, आयुष्यात एकदाच लिहिलेलं,
गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर.
नववं माझं. त्यात प्रभूचं नाव नाही.

त्यात एक बाई आहे.
पहाटे साडेपाचची जीप, पिंपळगावचं पॅकहाउस,
थंडगार हॉल, डोक्याला जाळीची टोपी,
कात्रीनं द्राक्षाच्या घडातला डागी मणी काढणं,
आणि कुणी बघत नाही असं बघून
तो तोंडात टाकणं.

पपांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.
“छान आहे,” म्हणाले. “पण रिबका, नाव कुठंय?”
शलमोन वायर गुंडाळायला लागला,
जी गुंडाळलेलीच होती.
मला बोलायचं होतं, खूप, पाठ करून ठेवलेलं.
तेवढ्यात कोपऱ्यातून आत्या,
बांगड्या ओच्यात घेऊन बसलेली:
“जयवंता, डागीच गोड असतात रे.
सुपरवायझरला माहीत नव्हतं.
एवढ्या वर्षांत कुणालाच माहीत नव्हतं.
हिला कुणी सांगितलं?”

कुणी नाही.
लहानपणी तिच्या पापीला तो वास यायचा, इतकंच.

पपांनी पेटी पुढं ओढली. काळी चार.
खालचा निषाद दमट हवेत अडकतो,
त्यांनी तो अडकू दिला.
तिसऱ्या कडव्यात प्रेसचा भोंगा झाला.
चौतीस वर्षांची सवय, पपांची मान वर गेली,
बोटं पट्ट्यांवरच राहिली.
शलमोननं हात वर केला नाही.

मग फॉर्म.
लेबल?
“लेबल लोणच्याच्या बरणीला लावतात,” आई म्हणाली.
रकाना रिकामा.
प्रकार?
भक्ती, लोकसंगीत, पॉप, बालगीतं, खाली खाली सरकत जाणारी यादी,
आणि एका मोबाइलवर वाकलेली आमची चार डोकी.
“घरगुती नाही का त्यात?” पपांनी विचारलं.
नव्हतं.
त्यांनी ‘भक्ती’वर बोट नेलं, तिथंच धरलं थोडा वेळ.
माझ्याकडे बघितलं नाही.
मग बोट जिभेला लावलं, नोट उचलताना लावतात तसं,
आणि ‘इतर’वर टेकवलं.
ओल्या बोटानं लागेना. पुसून पुन्हा टेकवलं.

पहिल्या आठवड्यात एकेचाळीस वेळा वाजलं.
मोजायचं काम अर्थात पपांचं.
तेवीस आम्हीच.
सात मंडळीतले, पाळक धरून.
राहिले अकरा.
पपा जेवताना मध्येच थांबतात:
अकरा कोण असतील गं?
कुठं असतील? काय करताना ऐकलं असेल?
आई म्हणते, जेवा.

आत्याकडे साधा फोन आहे.
ती संध्याकाळी येते ऐकायला, चप्पल दारात काढते,
बांगड्या काढून पिशवीत ठेवते.
आता वाजल्या तरी चालतील, असं तिला
आमच्यातलं कुणी सांगत नाही.
नववं लागायच्या आधी ती उठते
आणि पंखा बंद करते.